त्रिशलाचे पावणेतीन लिटर

भरतेश मगदूम पोटासाठी ओरडायचा.

सांगलीतल्या एका इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर फुप्फुसं मोजायची खोली होती. आलेल्या माणसाला खुर्चीत बसवायचं, नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची, छाती तट्ट फुगेस्तोवर श्वास घ्यायला लावायचा आणि मग कानाशी ओरडायचं, "सोडाऽऽ! जोरात! अजून, अजून, अजून! आहे आत, लपवू नका!" माणूस आधी लाल व्हायचा, मग जांभळा, आणि पडद्यावर एक डोंगर उमटायचा. ह्या कामाला घसा मोठा आणि दया कमी लागते. भरतेशचा घसा मोठा होता, पण दयाही मोठी होती. म्हणून तो पेशंटची आधी माफी मागायचा आणि मग ओरडायचा.

त्या डोंगराचा अर्थ सोपा आहे. निवांत बसलेला माणूस एका श्वासाला अर्धा लिटर हवा आत घेतो आणि तेवढीच सोडतो, म्हणजे दुधाची एक पिशवी. मनात आणलं तर त्यावर आणखी अडीच लिटर आत ओढता येते, आणि जोर लावला तर नेहमीपेक्षा लिटरभर जास्त बाहेर काढता येते. ह्या सगळ्याची बेरीज म्हणजे त्या माणसाचा दम. एवढं करूनही लिटर-सव्वा लिटर आत राहतेच. ती कितीही ओरडलं तरी निघत नाही, आणि निघू नये अशीच सोय आहे, नाहीतर फुप्फुस ओल्या पिशवीसारखं मिटून बसलं असतं. ही मागं राहिलेली हवा नळीला दिसत नाही. तिच्यासाठी पेशंटला काचेच्या पेटीत बंद करावं लागायचं. आत बसले की निम्मे पेशंट देवाचं नाव घ्यायचे आणि निम्मे वकिलाचं.

त्रिशला त्याला ह्याच खोलीत भेटली. एका शाळेत ती खेळाची शिक्षिका होती आणि कबड्डीच्या मुलींना तपासणीसाठी घेऊन आली होती. मुली घाबरू नयेत म्हणून आधी स्वतः बसली. भरतेश नेहमीप्रमाणं कानाशी सुरू झाला, "अजून! अजून!" तिनं शांतपणे सव्वाचार लिटर फुंकले, नळी काढली आणि म्हणाली, "मी बहिरी नाही. आणि आतलं संपलंय. तुम्ही बसा आता, पाणी घ्या."

त्याला त्या खोलीत आजवर कुणी पाणी विचारलं नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात लग्न झालं.

आणि लग्नानंतर वर्षभरातच उरमित्र आलं.

तो काळ असा होता की सांगलीत रिक्षा ड्रायव्हरशिवाय धावू लागल्या होत्या, त्यामुळं धडक झाली तरी भांडायला समोर कुणी नसायचं आणि लोक हळहळायचे. त्यामुळं फुप्फुसं मोजणारं यंत्र आलं म्हणून कुणाला फारसं नवल वाटलं नाही. पोळीच्या डब्याएवढी पांढरी पेटी, भिंतीला अडकवायची. तिच्यातून रेडिओलहरी निघायच्या, समोरच्या माणसाच्या छातीवर आणि पोटावर आपटून परत यायच्या. छाती केसाएवढी हलली तरी तिला कळायचं. त्यावरून ती सगळे आकडे काढायची, अगदी आत राहिलेल्या हवेचाही. चिमटा नको, नळी नको, काचेची पेटी नको. आणि, हे भरतेशला जरा उशिरा उमगलं, ओरडायलाही कुणी नको.

तिसऱ्या मजल्यावर शांतता पसरली. पेशंट येऊन बसायचे, मोबाईल बघायचे, निघून जायचे. भरतेश सवयीनं माफी मागायचा. कशाबद्दल, ते कुणालाच कळायचं नाही.

उरमित्रात एक खोच होती. बोलणं म्हणजे बाहेर निघालेल्या हवेवर काढलेली नक्षी. वाक्य केवढं होणार हे डोकं आधीच ठरवतं आणि त्या मापानं छाती हवा भरून घेते. 'हो' म्हणायला चमचाभर, शेजाऱ्याची तक्रार करायला बादलीभर. आता पेशंटनं बोलायला म्हणून श्वास घेतला आणि तो बोललाच नाही, तर मोजमाप चुकतं. म्हणून कंपनीनं यंत्राला शिकवलं, की बोलण्यासाठी घेतलेल्या हवेतून प्रत्यक्ष बोललेलं वजा करायचं आणि उरेल ते बाजूला टाकायचं. त्या टाकाऊ आकड्याला त्यांनी नाव दिलं, 'शिल्लक'.

थोडक्यात, यंत्राला तुमच्या मनातलं काही कळत नव्हतं. मनातलं किती लिटर आहे, तेवढं कळत होतं.

कंपनीनं तंत्रज्ञांना एकेक पेटी घरी लावायला दिली. माणसं रोजच्या वावरात कशी श्वास घेतात, ते त्यांना बघायचं होतं. भरतेशनं ती स्वयंपाकघरात लावली, कारण मगदूमांच्या घरातली चारही माणसं एका जागी फक्त जेवायलाच बसायची.

आता मगदूमांच्या घरात एक नियम होता. ताट समोर आलं की मौन. हात धुवेपर्यंत अवाक्षर नाही. अण्णा, म्हणजे भरतेशचे वडील, हा नियम फार काटेकोर पाळत. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याचा भोंगा वाजवण्यात गेली होती. आयुष्याच्या वाट्याचा आवाज करून झालाय, असं त्यांचं म्हणणं होतं. तेही त्यांनी एकदाच म्हटलं होतं.

पहिल्याच दिवशी जेवण उरकून चौघांनी हात धुतले आणि भिंतीवरच्या पेटीचे आकडे बघितले. अण्णा, अर्धा लिटर. भरतेश, एक. त्रिशला, पाऊण. आक्का, म्हणजे भरतेशची आई, तीन लिटर.

आक्कानं पदर खोचला. "बघा," ती म्हणाली. "बघा सगळ्यांनी. तीन लिटर गिळते मी ह्या घरात. एका जेवणाला!"

"आक्का, ते यंत्राचं..."

"यंत्र कशाला खोटं बोलंल? त्याला काय सून आहे?"

दुसऱ्या दिवशी बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, महिला मंडळात आक्कानं तीन लिटरचा विषय काढला, आणि महिनाभरात गल्लीत घरोघरी पेट्या लागल्या. कंपनीला वाटलं होतं लोक दम्यासाठी घेतील. लोकांनी शिल्लकेसाठी घेतल्या. संध्याकाळी बायका कट्ट्यावर बसून आकडे सांगायच्या. "आमच्यात आज अडीच." "पाव्हणे होते का?" "नणंद." "मग अडीच कमीच म्हणायचं." स्थळं बघायला गेलं की पोह्यांबरोबर मुलीच्या शिल्लकेचा आलेख पुढं यायचा. एका सभेत एक पुढारी माईकसमोर उभा राहिला, छाती भरून घेतली आणि चकार शब्द न बोलता खाली बसला. मागच्या पडद्यावर साडेचार लिटर उमटले. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षानं आरोप केला की पुढाऱ्याला फक्त ढेकर आला होता.

ह्या सगळ्या गदारोळात भरतेशला फोन आला.

फोन हैदराबादहून, कंपनीच्या कस्तुरी मॅडमचा होता. मूळच्या सोलापूरच्या. "मगदूम, तुमच्या घरचे आकडे आमच्याकडं गाजतायत," त्या म्हणाल्या. "एका घरात, एका जेवणाला, एवढी शिल्लक कुठंच नाही. आणि तुम्हाला श्वासातलं कळतं. इकडं या. यंत्राला माणसं शिकवायचीत. आठवड्यात कळवा."

भरतेशला आनंदानं काय करावं सुचेना. तिसऱ्या मजल्यावर रोज गप्प बसून त्याच्या घशाला गंज चढत होता. आपण आता कुणाच्या उपयोगाचे नाही, ही गोष्ट त्यानं घरी सांगितली नव्हती, कारण घरी सांगायची वेळ नेमकी जेवणाची असायची.

तो घरी पोचला तेव्हा आक्का ताटं मांडत होती. त्रिशलाही नुकतीच शाळेतून आली होती. अंगावर मैदानाची माती, चेहरा उजळलेला, पाठीवरची पिशवी अजून काढायची होती. "अहो, ऐका ना..." ती म्हणाली.

"आधी माझं ऐक!" भरतेश म्हणाला. "हैदराबादला नोकरी. कायमची. जायचं ना?"

त्रिशलानं श्वास घेतला.

तेवढ्यात आक्कानं ताटात भाकरी वाढली, अण्णांनी हात जोडले आणि मौन सुरू झालं.

हात धुऊन झाल्यावर त्रिशला म्हणाली, "जाऊ की. तुम्हाला जायचं असेल तर."

भरतेशनं भिंतीकडं बघितलं. पावणेतीन लिटर.

एवढी हवा माणूस एकतर भाषणाला घेतो, नाहीतर विहिरीत उडी मारायला. आणि बाहेर काय आलं, तर 'जाऊ की'.

घरात तर्क सुरू झाले. आक्का म्हणाली, "माझ्याबद्दल आहे ते. सासू एकटी राहणार म्हणून पोरीचा जीव तुटतोय." थोडा वेळ गेल्यावर म्हणाली, "नाहीतर सुटका झाली म्हणून." अण्णा म्हणाले, "भाजी अळणी होती." भरतेशनं सासऱ्यांना शिरोळला फोन लावला. ते म्हणाले, "जावईबापू, आमच्यात असताना तिची शिल्लक काही नव्हती. तुमच्यात गेल्यावर पावणेतीन झाली. आम्ही काय समजायचं?" आणि त्यांनी फोन ठेवला.

शेवटी त्यानं त्रिशलालाच विचारलं. ती कपडे वाळत घालून स्वयंपाकघरात आली होती. "खरं सांग, काय आहे तुझ्या मनात?"

तिनं श्वास घेतला. भरतेशनं भिंतीकडं बघितलं. दोन लिटर. सव्वादोन.

"काही नाही," ती म्हणाली.

असं रोज होऊ लागलं. तो विचारायचा, ती श्वास घ्यायची, तो आकडा बघायचा, आणि ती म्हणायची, "काही नाही." आकडा मात्र चढत होता. मग त्यानं शास्त्रीय पद्धत काढली. चहा पिताना एकेक शब्द तिच्यासमोर टाकायचा आणि भिंतीवर काय हलतंय ते बघायचं.

"आक्का," तो म्हणायचा. पाव लिटर.

"तेलुगू." काही नाही.

"मी." अर्धा लिटर.

"तुम्ही माझी तपासणी करालाय का?" त्रिशला म्हणाली.

"छे छे. सहज. शाळा." भिंतीवर एकदम दीड लिटर. भरतेश खुर्चीतून उठला. "शाळा! शाळेत काय झालं?"

त्रिशलानं त्याच्याकडं बघितलं. तो तिच्याकडं बघत नव्हता, दीडकडं बघत होता. तिनं कप ठेवला आणि गेली.

त्या दिवसापासून तिची शिल्लक शून्य झाली. कबड्डीत जिचा जन्म गेला तिला श्वासावर ताबा ठेवायला कुणी शिकवायचं? 'कबड्डी कबड्डी' म्हणत एका दमात समोरच्या अंगणात जाऊन दोघींना बाद करून येणारी बाई ती. घरात ती आता अशी वावरायची की छाती हलायची नाही, आणि बोलली तरी उरलेल्या हवेवर, बारीक आवाजात. "चहा." "आले." "झोपते." भरतेश घाबरला. बायको समोर होती, पण रेंज गेली होती.

आणि उत्तर द्यायचा दिवस उजाडला. रविवार होता. दुपारी कस्तुरी मॅडमचा फोन यायचा होता. आक्कानं दोडक्याची भाजी केली होती. ताटं वाढली, अण्णांनी हात जोडले, मौन सुरू झालं. वाटीत चमचा वाजला तरी मोठा वाटत होता.

भरतेशनं भाकरी मोडली. तोंडाशी नेली. परत ताटात ठेवली.

"त्रिशला," तो म्हणाला, "ते पावणेतीन लिटर काय होतं?"

अण्णांचा हात वाटीवर थांबला. आक्कानं डोळे मिटून घेतले. त्या घरात ताटावर बसून बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

त्रिशलानं श्वास घेतला. खोल, मैदानावर घेतात तसा. भरतेशची मान आपोआप भिंतीकडं वळली.

"बघा!" त्रिशला ओरडली. "वळली! आक्का, बघा तुम्ही! मी श्वास घेतला रे घेतला की ह्यांची मान वळती भिंतीकडं! मी बोलू कुणाशी? मानेशी?"

भरतेशनं मान फिरवली. अवघडलेली मान कटकन वाजली.

"आता इकडंच बघायचं," ती म्हणाली. "आमच्या मुली जिल्ह्यात पहिल्या आल्या. शाळेच्या आयुष्यात पहिल्यांदा राज्याला चाललोय. ती अंजुम मुल्लाणी, जिच्या घरून खेळायला नाही म्हणत होते, तिनं शेवटच्या चढाईत तिघींना ओढत आणलं. तिचा बाप मैदानात माझ्या पाया पडायला आला, मीच लाजले. हे सांगायला धावत आले त्या दिवशी, तर तुम्ही म्हणालात आधी माझं ऐक, आणि माझं पोटात राहिलं ते राहिलंच. नंतर सांगावं म्हटलं, तर त्याचे लिटर झाले होते. माझ्या बापाला फोन, आक्कांना टेन्शन, आणि मला चहाबरोबर 'तेलुगू'! मला हैदराबादला यायचं नाही असं मी एकदा तरी म्हटलं का? यायचंय. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर नुसते बसून वाळालाय, हे मला दिसत नाही काय? मला त्यासाठी पेटी लागत नाही. पण आत्ता मुलींना सोडून नाही येणार. आणि माझ्यासाठी तुम्ही नाही म्हणायचं आणि मग जन्मभर तोंड पाडून बसायचं, तेही मला नको. तुम्हाला काय पाहिजे ते तुमच्या तोंडानं सांगा."

एवढं सगळं एका दमात. भरतेशमधला तंत्रज्ञ क्षणभर थक्क झाला, पण नवऱ्यानं त्याला गप्प बसवलं.

"मला जायचंय," तो म्हणाला. मग त्याला आणखी हवा लागली, ती त्यानं घेतली. "मला लई जायचंय. इथं मला काम नाही. मी रोज लोकांची फुकट माफी मागतो. पण तुझ्या मुलींची मॅच न बघता जायचं नाही. आणि मला आधी सांगितलं नाहीस ह्याचा रागही आलाय."

"येऊ दे की," त्रिशला म्हणाली. "माझ्याकडं बघून येतोय ना, मग येऊ दे."

अण्णा खाकरले.

"मला दोडका आवडत नाही," ते म्हणाले. "लग्नाच्या आधीपासून."

आक्कानं डोळे उघडले. "म्हणजे? मी तुमच्यासाठी करते! मला तर वासही सोसत नाही त्याचा!"

"मग बोलली का नाहीस?"

"कधी बोलू? भाजी दिसती ताटात, आणि ताटावर बोलायचं नाही!" आक्काला एकदम भरून आलं. "माझे तीन लिटर म्हणजे तरी काय होतं? भरतेश, भाकरी घेतोस का. त्रिशला, ताक वाढू का. अहो, मीठ घ्या वरून. रोज एवढंच येतं तोंडात आणि परत जातं. आता मंडळात कुठल्या तोंडानं जाऊ मी? त्या मला त्यागमूर्ती म्हणतात!"

त्रिशलाला हसू आवरेना. तिनं ताकाचं भांडं पुढं केलं. "वाढा, आक्का. म्हणा आणि वाढा."

मग चौघंही बोलत राहिले. कोण कधी काय बोललं ह्याला धरबंध नव्हता. भाकऱ्या वाळल्या, दोडक्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही.

फोन वाजला. भरतेशनं स्पीकरवर टाकला.

"मगदूम, आधी एक तांत्रिक भानगड," कस्तुरी मॅडम म्हणाल्या. "तुमची पेटी बिघडलीय. आज दुपारी चारही माणसांची शिल्लक शून्य आलीय. चार माणसं, एक घर, जेवणाची वेळ आणि शून्य. असं देशात कुठंच झालेलं नाही. पेटी परत पाठवा."

"पेटी ठीक आहे, मॅडम."

"मग बिघडलंय काय?"

"जेवण. पार गार झालं."

मॅडमना काही कळलं नाही. "बरं, ते असू दे. हैदराबादचं काय ठरलं?"

भरतेशनं श्वास घेतला. भिंतीकडं कुणीच बघितलं नाही, तिघंही त्याच्याकडं बघत होते. "मॅडम, यायचंय. पण आत्ता नाही. माझ्या बायकोच्या मुली राज्याला खेळायला चालल्यात, ते झाल्यावर आम्ही दोघं येऊ. तोवर जागा राहिली तर बरंच. नाही राहिली तर वाईट वाटेल, फार वाटेल. पण ते मी घरात बोलून टाकेन."

पलीकडं कुणीतरी खोल, चांगला दोन-अडीच लिटरचा श्वास घेतल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, "बघू."

त्रिशला फोनकडं वाकली. "मॅडम, एवढ्या श्वासाला एवढंच? बोला की. आमचं झालंय बोलून, आम्ही रिकामेच आहोत."

कस्तुरी मॅडम आधी "नाही, नाही" म्हणाल्या. मग त्या बोलू लागल्या. त्यांचं लग्न ठरत होतं, मुलगा अमेरिकेत, बोलताना तो सारखा पडद्यावर ह्यांची शिल्लक वाचायचा आणि म्हणायचा, "आय कॅन सी यू आर अपसेट." कशानं अपसेट, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. आक्कानं चहा टाकला. अण्णांनी खुर्ची फोनजवळ ओढली. चहा होऊन, कप विसळून झाले तरी मॅडम बोलतच होत्या.

शेवटी त्यांनी नाक ओढलं आणि आवाज कंपनीचा केला. "जागा ठेवते मी, मगदूम. स्पर्धा झाल्यावर या. पण ह्यातलं एक अक्षर ऑफिसात बोलायचं नाही."

फोन बंद झाला. आक्कानं पदरानं डोळे टिपले आणि भरतेशकडं वळली.

"नोकरीचं नंतर बघ," ती म्हणाली. "आधी तिला परत फोन लाव आणि सांग, हा मुलगा करू नको."

"आक्का, त्या माझ्या साहेब आहेत."

"साहेब असंल तुझी. मी गिळणार नाही. लाव."

भरतेशनं त्रिशलाकडं बघितलं. त्रिशलानं फोन उचलून त्याच्या हातात दिला.